प्रयोगशाळेतून गाळ्यापर्यंत : ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना उद्योगाची पहिली पायरी कशी दाखवायची?

रबाळेकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आहे. माझं रबाळे एमआयडीसीत रासायनिक चाचण्यांचं छोटं युनिट आहे. त्या निमित्ताने ठाणे, वाशी, नेरुळ, पनवेलच्या कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टसाठी येतात. मोठ्या संशोधन संस्थांतून पीएचडी करणारे, नुकतीच संपवलेलेही अधूनमधून फोन करतात. प्रश्न साधारण एकच असतो : "ताई, आमच्याकडे एक गोष्ट आहे, लॅबमध्ये चालते. आता पुढे काय?"

बहुतेकांना तोवर कोणीतरी सांगितलेलं असतं की आधी कंपनी काढा, लोगो करा, मग स्पर्धेत उतरा. माझं मत स्पष्ट आहे. पहिली पायरी कंपनी नाही. जो माणूस उद्या तुमच्या वस्तूचे पैसे मोजणार आहे त्याच्या दारात जायचं, त्याचं काम चालू असताना बाजूला उभं राहून बघायचं, ही पहिली पायरी. आणि त्यासाठी आपल्या भागासारखी जागा नाही. एमआयडीसीचा उद्घाटन सोहळा १ ऑगस्ट १९६२ ला आपल्या वागळे इस्टेटमध्येच झाला. तेव्हापासून वागळे ते थेट बेलापूर-तळोजापर्यंत कारखाने उभे राहिले. ट्रान्सहार्बर लोकलमधून कॉलेजला जाणारी पोरं रोज या गाळ्यांच्या शेजारून जातात, पण आत पाऊल टाकलेली फार थोडी.

एक उदाहरण देते, त्या मुलीच्या परवानगीने. ती मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. तिने कागदाची एक पट्टी बनवली आहे. सीएनसी मशीनच्या (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं यंत्र) कूलंटमध्ये, म्हणजे कापताना गार ठेवायला सोडतात त्या तेल-पाण्याच्या मिश्रणात, जंतू किती वाढलेत ते रंगावरून काही तासांत कळतं. बाजारात मिळणाऱ्या डिपस्लाइडला (जंतू मोजायची बुडवपट्टी) दिवस-दोन दिवस उबवावं लागतं, त्यामुळे तिला वाटत होतं की प्रत्येक वर्कशॉप ही पट्टी घेईल.

तिला वागळेतल्या एका ओळखीच्या गाळ्यात घेऊन गेले. सुट्टीनंतरची सकाळ होती. मालकांनी मशीनच्या टाकीचं झाकण उचललं आणि कुजक्या अंड्यांचा वास आला. वर तेलाचा तवंग होता. मशीनच्या स्लाइडचं वंगण गळून कूलंटवर साचतं, त्याने हवा अडते. त्यात सुट्टीमुळे पंप बंद, म्हणजे कूलंट फिरतही नाही. हवा नको असणाऱ्या जंतूंचं फावतं आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हे सगळं तिला पुस्तकातून माहीत होतं, वास पहिल्यांदा घेतला.

मालक म्हणाले, "बाळा, खराब झालं हे मला नाकाने कळतं. पट्टी कशाला घेऊ? मला हे ओतून द्यावं लागू नये एवढं बघ." मग त्यांनी हिशोब सांगितला. टाकी साफ करायची म्हणजे मशीन अख्खी पाळी बंद. जुनं कूलंट ड्रममध्ये भरून घातक कचरा म्हणून तळोज्याला पाठवायचं, त्याचे पैसे आणि कागदपत्रं वेगळी. शिवाय ऑपरेटरच्या हाताला खाज सुटते ती वेगळीच.

ऑपरेटरने खिशातून छोटा रिफ्रॅक्टोमीटर (कूलंट किती दाट आहे ते दाखवणारं उपकरण) काढून तिला काचेवर थेंब टाकून दाखवला. आकडा असायला हवा त्याच्या निम्म्यावर होता, कारण पातळी कमी झाली की नुसतं पाणी ओतलं जातं. तेवढ्यात तिने विचारलं, "सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हे किती असतं?" कोणालाच माहीत नव्हतं. त्या प्रश्नापासून तिचं काम बदललं. वास यायच्या आधी, सुट्टीच्या आदल्या दिवशी इशारा मिळाला तर तवंग काढणं, मात्रा सुधारणं शक्य आहे. आणि पट्टीचं गिऱ्हाईक तीन मशीनचा गाळा नसून कूलंट पुरवून त्याची देखभालही करणारे पुरवठादार असू शकतात, किंवा हजारो लिटरची मध्यवर्ती टाकी असलेले मोठे कारखाने. हे लॅबमध्ये बसून तिला कधी सुचलं नसतं.

माझा प्रस्ताव असा की महिन्यातून एकदा आपण बैठक घ्यावी. एका बाजूला गाळेवाले, चाचणीवाले, सीए, पेटंटची माहिती असलेले. दुसऱ्या बाजूला विद्यार्थी आणि संशोधक. भाषणं नकोत, सत्कार तर नकोच. कोण कोण वेळ देऊ शकेल? आणि काय काय सांगायला हवं? लिहा.

---

मेधा_वाशी

अतिशय गरजेचा धागा. वाचनखूण साठवली.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेतीमाल सुकवण्याच्या यंत्रावर मित्रांसोबत काम करतो. एपीएमसीत जाऊन व्यापाऱ्यांशी बोलायला पहाटे निघतात, मग पहिली दोन लेक्चर्स बुडतात. हजेरीवरून घरी ताण आहे. यावर काही मार्ग आहे का?

---

रबाळेकर

मेधाताई, आहे. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आणलं. हजेरी कमी भरली तरी रीतसर परवानगीने परीक्षेला बसू द्यावं, मिनी प्रोजेक्ट, मेजर प्रोजेक्ट किंवा उन्हाळी प्रशिक्षणाच्या जागी स्वतःच्या उद्योगाचं काम धरावं, असं त्यात आहे. मात्र ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कॉलेजने ती स्वीकारलेली हवीत. मुलाला कॉलेजातल्या इनोव्हेशन कौन्सिलच्या सरांकडे पाठवा आणि लेखी अर्ज द्यायला सांगा. तोंडी "बघू" वर थांबू नका.

आणि पहाटे एपीएमसीत जाणारी मुलं आहेत हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना बैठकीला नक्की आणा.

---

पाचपाखाडीकर

मी पेटंटच्या कामात आहे, म्हणून माझ्या भागापुरतं सविस्तर लिहितो. इथे होणारं नुकसान भरून निघत नाही.

रबाळेकरताई म्हणतात तसं गिऱ्हाइकाकडे जाच, पण त्याच्या अडचणीबद्दल बोला. तुमची पट्टी आतून कशी चालते ते सांगू नका. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि अर्जाआधी तो जगजाहीर झाला तर बहुतेक वेळा खेळ संपतो. पोस्टर, शोधनिबंध, परिषदेतलं सादरीकरण, स्पर्धेचा यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ, सगळं यात येतं. पीएचडीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवा : प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) चढला की तो जगाला खुला झाला. आधी अर्ज करा, किंवा प्रबंध काही काळ खुला न करण्याची विनंती विद्यापीठाकडे वेळेत करा.

आपल्या कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. युरोपात तेवढीही मिळत नाही. तिच्या भरवशावर राहू नये.

मार्ग सोपा आहे. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करायचा. वैयक्तिक अर्जदार किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन सरकारी फी १६०० रुपये. शैक्षणिक संस्थांनाही २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. तारीख पक्की झाली की १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. त्या वर्षभरात गिऱ्हाइकांकडे फिरा, प्रयोग करा. शोध कोणाला नको असं दिसलं तर तिथेच सोडा, खर्च फार झालेला नसतो. पुढे तपासणीच्या विनंतीचे ४००० रुपये. वकिलाची किंवा पेटंट एजंटची फी यात धरलेली नाही, आणि ती खरा खर्च असते. तरी मसुदा जाणकाराकडूनच करून घ्या. तात्पुरत्या अर्जात जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

मालकी कोणाची हे पहिल्याच दिवशी विचारा. कॉलेजची उपकरणं, निधी, वेळ वापरून झालेलं काम असेल तर वरच्या धोरणानुसार ते संशोधक आणि संस्था दोघांचं असतं. गाइडचं नाव शोधक म्हणून येणार का? तर ज्याने शोधात प्रत्यक्ष डोकं लावलं त्याचं येतं, मानाचं म्हणून घालायचं नसतं. हे बोलणं अवघड जातं, विशेषतः आपल्याकडे सरांसमोर, पण पैसा यायच्या आधी बोलून घेतलं तर नातं टिकतं.

बैठकीला मी येईन. पेटंट कार्यालय आपल्याला जवळ आहे, अँटॉप हिलला.

---

वागळे_सीएनसी

तो गाळा माझाच. मुलगी हुशार आहे, परत यायला सांगितलंय.

थोडं आमच्या बाजूने लिहितो. मुलं येतात ती प्रश्नावली घेऊन. "तुम्हाला १ ते ५ मध्ये किती अडचण वाटते?" यावर आम्ही काय सांगणार? ती प्रश्नावली घरी ठेवा. या आणि उभे राहा. शेवटचं काय बिघडलं, तेव्हा काय केलंत, किती पैसे गेले, कोणाला फोन केलात, हे विचारा. झालेल्या गोष्टीचं उत्तर माणूस खरं देतो. "असं यंत्र आलं तर घ्याल का?" असं विचारलंत तर आम्ही चहा पाजून "हो घेऊ की" म्हणणार, कारण पोराचं मन कोण मोडणार?

दुपारी तीननंतर या. सकाळी सेटिंग चालू असतं.

---

डेटनवासी_ठाणेकर

वागळे_सीएनसी साहेबांनी लाखाचं बोललंय. मी मूळचा नौपाड्याचा, सध्या अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करतोय. इथे नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून आय-कॉर्प्स नावाचा कार्यक्रम चालवलाय, खास शास्त्रज्ञांसाठी. त्यात सात आठवड्यांत साधारण शंभर संभाव्य गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं, वस्तू विकायची नाही, फक्त त्यांचं काम समजून घ्यायचं. मी आमच्या गटाबरोबर केलं. शास्त्रज्ञाला सर्वांत जड जातं ते गप्प बसून ऐकणं. आपण लगेच समजवायला लागतो.

शंभर गिऱ्हाइकं शोधायला इथे लोक विमानाने फिरतात. तुम्हाला ती रबाळे ते तुर्भे रिक्षाने मिळतील. मी ऑनलाइन येऊ शकेन, शनिवारी तुमच्या संध्याकाळी.

---

घोडबंदर_४५

सगळं ठीक आहे, पण माझी एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. पीएचडी संपेपर्यंत माणूस तिशीत येतो. घराचा हप्ता, आईवडिलांची औषधं. माझ्या भाच्याला हे कसं सांगू की नोकरी शोधू नकोस, गाळ्यांमध्ये फीर? ज्यांच्या घरी आधीच धंदा आहे त्यांना जमतं. बाकीच्यांनी पगारच बघावा असं मला वाटतं.

---

नेरुळचे_आजोबा

घोडबंदर_४५, तुमची शंका रास्त आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. मी आयुष्य सरकारी प्रयोगशाळेत काढलं, आता निवृत्त आहे.

पहिली गोष्ट, घरचं भांडवल लागतंच असं नाही. सरकारी अनुदानं आहेत आणि ती खरोखर मिळतात. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयासमधून नमुना बनवायला १० लाखांपर्यंत, तर निधी-ईआयआरमधून होतकरू उद्योजकाला महिन्याला ३० हजारांपर्यंत पाठ्यवृत्ती. जैवतंत्रज्ञानात बायरॅक या केंद्र सरकारी संस्थेचं बिग अनुदान, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. यातलं काहीच कर्ज नाही. निधी-प्रयास आणि निधी-ईआयआरचे अर्ज इन्क्युबेटरमार्फत (नव्या उद्योगांना आधार देणारं केंद्र) जातात; आपल्याला पवईचं आयआयटीचं साइन जवळ आहे, २००४ पासूनचं, आणि पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर आहे, २००७ पासूनचं. पैसे हप्त्यांनी येतात आणि मागच्या हप्त्याचा हिशोब दिल्यावरच पुढचा येतो, म्हणून मध्ये काही महिने तग धरण्याची सोय ठेवावी. भाच्याला सांगा, नोकरी सोडायच्या आधी शनिवारी फिर. गिऱ्हाइकांशी बोलायला राजीनामा लागत नाही.

दुसरी गोष्ट, जी फार कमी जणांना ठाऊक असते. शोध स्वतःचाच हवा असं कुठे आहे? सरकारी प्रयोगशाळांची तंत्रज्ञानं परवान्यावर मिळतात. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) डॉ. शरद काळे यांच्या पुढाकाराने झालेलं निसर्गऋण, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करण्याचं तंत्र, अनेक खाजगी उद्योजकांनी परवाना घेऊन उभारलं. बीएआरसीची पाणी गाळण्याच्या पडद्याची तंत्रंही अशीच बाहेर गेली. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेकडे अन्नप्रक्रियेची यादीच असते. कागदावर चालणारं तंत्र घेऊन गल्लीत चालवून दाखवणं यालाही शास्त्र कळणारा माणूस लागतो, आणि तो तुमचा भाचा असू शकतो.

तिसरी गोष्ट, सरकारी नोकरीत असलेल्या शास्त्रज्ञांनी आचारनियमांकडे दुर्लक्ष करू नये. पूर्वपरवानगीशिवाय व्यवसाय करता येत नाही. पण दार बंद नाही. २००९ मध्ये डीएसआयआरने (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) एक कार्यालयीन ज्ञापन काढलं, त्यात शास्त्रज्ञाला नोकरीत राहून ज्ञानाधारित उद्योगात भागभांडवल धरण्याची वाट खुली केली. तुमच्या संस्थेने त्यावर स्वतःचे नियम काय केलेत ते प्रशासनाकडून लेखी मागवा.

आणि शास्त्रज्ञाला धंदा जमत नाही हे तर मला मान्यच नाही. डॉ. केकी घरडा यूडीसीटीत (मुंबईची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, आताची आयसीटी) शिकवत होते, त्यांच्या घरडा केमिकल्सचा कारखाना इथे डोंबिवलीत उभा राहिला. डॉ. अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकले, पीएचडी एनसीएलला केली आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज काढली.

---

घोडबंदर_४५

आजोबा, मनापासून धन्यवाद. "बोलायला राजीनामा लागत नाही" हे भाच्याला पाठवलं. त्याला बैठकीला आणतो.

---

कोपरीचा_सीए

कंपनीबद्दल लिहितो, कारण माझ्याकडे मुलं येतात ती उशिरा.

स्पर्धेत बक्षीस मिळालं की लगेच प्रायव्हेट लिमिटेड काढतात. मग परीक्षा येतात, मित्र नोकरीला लागतात, कंपनी तशीच पडून राहते. उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण लागतं आणि वार्षिक विवरणपत्रं भरावी लागतात. एओसी-४ आणि एमजीटी-७ हे त्यांचे फॉर्म उशिरा भरले तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये दंड, त्याला कमाल मर्यादा नाही. वर्षभर विसरलात तर एका फॉर्मचे ३६ हजार ५००. विद्यार्थ्यासाठी हे मोठं ओझं आहे.

पहिलं बिल फाडायची वेळ येईपर्यंत थांबा. एकट्याचं छोटं काम असेल तर मालकी व्यवसाय पुरतो. दोघंतिघं असाल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) बघा, उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर तिथे लेखापरीक्षण सक्तीचं नसतं. एखादं अनुदान किंवा गुंतवणूकदार कंपनीच मागत असेल तर मग काढा. आणि भागीदारांनी कोणाचा किती वाटा, कोण मध्येच सोडून गेला तर त्याचा वाटा कुठे जाणार, हे कागदावर लिहा. मैत्री घट्ट असतानाच लिहा.

एक गोष्ट रागानेच लिहितोय. ठाण्यात एका एजंटाने दोन विद्यार्थ्यांकडून उद्यम नोंदणीचे (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पाच हजार घेतले. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते. स्टार्टअप इंडियाच्या मान्यतेलाही सरकारी फी नाही. कोणी पैसे मागितले तर उठून या.

---

खारघर_जीवशास्त्र

मी कॅन्सर निदानाच्या क्षेत्रात संशोधन करते. मला एवढंच जोडायचंय की वैद्यकीय गोष्ट असेल तर वेळापत्रक वेगळं धरा. मेडिकल डिव्हाइसेस नियम २०१७ प्रमाणे उपकरणं जोखमीनुसार ए, बी, सी, डी अशा वर्गांत पडतात, निदानाची किटही त्यात येतात. चाचणीपुरते थोडे नमुने बनवायलाही आधी परवाना घ्यावा लागतो. ओळखीच्या डॉक्टरांना "वापरून बघा" म्हणून रुग्णांवर देणं अजिबात करू नका. आधी एथिक्स कमिटी.

डॉक्टरांशी बोलताना हेही विचारा की खरेदीचा निर्णय कोण घेतं. वापरणारा टेक्निशियन, सुचवणारा डॉक्टर, पैसे देणारा रुग्ण आणि सही करणारा खरेदी विभाग, चौघं वेगळे असतात. मी पहिल्यांदा एका लॅबच्या रक्त घेण्याच्या खोलीत सकाळभर बसले तेव्हा दिसलं की टेक्निशियन एका हाताने नळीवर बारकोड चिकटवत दुसऱ्या हाताने पुढच्याला बोलावत असतो. ज्या किटला दोन्ही हात आणि शांतता लागते ते त्या खोलीत टिकणार नाही.

उपकरणं परवडत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी : आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या सरकारी संस्थांची उपकरणं शोधून वापराची वेळ मागता येते. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे नमुनेही फी घेऊन तपासतात.

---

कूलंटवाली

नमस्कार, धाग्यातली मुलगी मीच. आजच खातं उघडलं. 🙏

पाचपाखाडीकर काका, पुढच्या महिन्यात विभागाच्या परिषदेत माझं पोस्टर आहे. गोषवारा पाठवून झालाय. त्यात पट्टीवरच्या रसायनाचं नाव नाही, पण "रंगबदल पद्धत" असा शब्द आहे. काही बिघडलं का?

---

पाचपाखाडीकर

बाळ, घाबरू नकोस. नुसत्या तेवढ्या शब्दावरून कोणाला पट्टी बनवता येणार नाही, त्यामुळे बहुधा निभावेल. तरी गोषवारा आहे तसा मला दाखव. पोस्टरच्या आधी तात्पुरता अर्ज गेलाच पाहिजे. उद्या गाइडना सांग, कॉलेजची मालकी किती ते विचार, आणि प्रयोगवहीची पानं तारखांसकट स्कॅन करून ठेव. तोपर्यंत इथे रसायनाबद्दल एक अक्षर लिहू नकोस.

---

रबाळेकर

काका, तिच्या अर्जाची सरकारी फी माझ्या युनिटतर्फे भरते. मसुद्याचं तुम्ही बघाल ना?

---

पाचपाखाडीकर

बघतो. तिच्याकडून मसुद्याचे पैसे घेणार नाही. पण पुढच्या मुलांसाठी बैठकीतून छोटा निधी उभा करू, दर वेळी एकाच्या खिशातून नको.

---

वागळे_सीएनसी

निधीत माझे धरा. बैठक माझ्या गाळ्याच्या वरच्या खोलीत घ्या, पंचवीस माणसं बसतात, पंखे आहेत. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी साडेतीन. आधी अर्धा तास खाली मशीनवर, मग वर बोलणं.

---

मेधा_वाशी

आम्ही येतो, चौघं मुलं आणि मी. मुलं विचारतायत की सुकवण यंत्राचा नमुना आणू का? टेबलावर मावेल एवढा आहे.

---

रबाळेकर

नमुना नक्की आणा, पण पहिला अर्धा तास पिशवीतच राहू दे. एपीएमसीतल्या व्यापाऱ्यांनी काय सांगितलं ते आधी ऐकू.

कूलंटवाली, तू सुट्टीच्या आदल्या संध्याकाळचे नमुने घ्यायला शुक्रवारीच वागळेत जा, साहेबांना सांगून ठेवलंय. प्रत्येक बाटलीवर मशीन क्रमांक, वेळ आणि रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा लिही, आणि ऑपरेटरने त्या आठवड्यात पाणी कधी ओतलं तेही विचार.

सगळ्यांसाठी : गेटवर नोंद होते, ओळखपत्र आणा. खाली मशीनपाशी चपला चालणार नाहीत, बंद बूट घाला, ओढणी आणि मोकळे केस बांधून या.